नळी जमा

भाच्याने ओहायोहून पाठवलेलं खोकं
बॅलार्ड पियरच्या टपाल कचेरीत अडकलं.
हे चार खेपा गेले, इस्त्रीचा शर्ट घालून,
जणू मुलगी बघायला.
पाचव्या खेपेला मी गेले सोबत.

साहेब कोवळा, कानात बाळी.
म्हणाला, काका, ठासणीची असली तरी बंदूकच ती.
लाकूड न्या, घोडा न्या, चाप न्या,
नळी इथे राहील.
यांनी मान हलवली.
ठासून असं कधी काही बोललेच नाहीत हे,
ना पगारवाढीला, ना स्वतःच्या आईला.
पावतीवर शिक्का: नळी जमा. एक नग.

मग ताडवाडीच्या दोन खोल्यांत
भांडी आवरली की ओट्यावर कारखाना.
अक्रोडाचा दस्ता आला होता अर्धाच कोरून,
उरलेला तुमचा तुम्ही शोधा, अशा बेताने.
पटाशी, कानस, काचकागद.
पितळी पट्टीला काजळी फासायची,
लाकडात दाबायची, काढायची,
काळं उमटेल तेवढंच तासायचं.
पुन्हा काजळी. पुन्हा काळं.
कधी संपतं हो हे, मी विचारलं.
म्हणाले, सगळीकडे सारखं काळं लागलं की.

महिनाभर जवसाच्या तेलाचा वास
भाताला, उशीला, देवाच्या वस्त्रांना.
रोज एक हात, तळव्याने चोळून चोळून.
चौतीस वर्षं गोदीच्या टूलरूममध्ये
दुसऱ्यांची मापं तपासलेला तळवा तो.
इतका हळू फिरायचा
की, खोटं कशाला बोलू,
मला त्या लाकडाचा हेवा वाटला.

फिलोमिनाचा नातू रोज दारात:
आजोबा, कोणाला मारणार?
एकदा म्हणाले, उंदराला.
एकदा म्हणाले, कोणालाच नाही रे.
एकदा नुसतेच कानशीवरचा कीस फुंकत राहिले.

दस्त्यात नळीची खाच तशीच,
हातभर लांब, उन्हाळ्यातल्या पाटासारखी कोरडी.
मी म्हटलं, पडद्याचा दांडा बसवा,
भिंतीवर टांगल्यावर कोण बघायला येतंय.
नको म्हणाले. जमा आहे ते जमा आहे.
पण तेल तिथेही लावलं,
खाचेच्या पार आत, बोट वाकडं करून.

शनिवारी रात्री मजल्याचा फ्यूज उडाला.
मी काडेपेटी चाचपत होते.
इकडे ये, म्हणाले.
घोड्याच्या दातांत चकमक बसवली होती त्यांनी.
चाप ओढला.
खट्.
ठिणग्यांची एक चिमूट,
तेवढ्यात त्यांची हनुवटी दिसली, चष्म्याची एक कडा,
मग आधीपेक्षा जास्त अंधार.
पुन्हा खट्.
बार नाही, धूर नाही,
नळीच नाही तर काय उडणार.

तिसऱ्यांदा ओढला नाही.
अंधारातूनच म्हणाले,
एक्क्याण्णव साली बाबल रेडकरला काढला ना,
त्याचं माप चुकलं नव्हतं.
गेज झिजलं होतं.
मला ठाऊक होतं.

हाताला लागलेली काडेपेटी
मी तशीच धरून उभी राहिले.
जिन्यात कोणीतरी वायरमनला हाका मारत होतं.
रेडकरची बायको मला आठवली,
डोहाळजेवणाला हिरवी साडी दिली होती तिने,
नंतर बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचे,
का ते नीट माहीत नसतानाही.

दिवे आले तेव्हा हे स्क्रू आवळत होते.

सकाळी इस्त्रीचा शर्ट मागितला.
बॅलार्ड पियर? मी विचारलं.
विरार, म्हणाले.
पत्ता जुना आहे, पण विचारत जाईन.

मी म्हटलं, आधी हात धुवा,
तेलाचे डाग निघत नाहीत.